बिल नेमकं कुठे जळतं?

(टी.ई. मेकॅनिकल)

आपल्या होस्टेलमध्ये जवळपास प्रत्येक स्वीचबोर्डाशेजारी एक स्टिकर चिकटवलेलं आहे. "गरज नसताना दिवे व पंखे बंद ठेवा." घरीसुद्धा आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो. लाईट घालव, चार्जर काढ, टीव्हीचं बटण मागून बंद कर. चांगलंच आहे, माझा काही विरोध नाही. पण मित्रांनो, चार वर्षं इंजिनिअरिंग शिकणाऱ्या माणसाने हा उपदेश नुसता ऐकायचा की एकदा कॅल्क्युलेटर काढून तपासायचा?

चला तर मग. बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचं आहे. एम-सी-पी-डेल्टा-टी, अकरावीचं सूत्र. उत्तर येतं १,२५६ किलोज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट. आता स्टिकरवाला दिवा घ्या. ९ वॅटचा एलईडी बल्ब ०.३५ युनिट खायला सुमारे ३९ तास घेतो. आणि मोबाईल न लावता नुसता भिंतीत खोचलेला चांगला चार्जर? तो वॅटच्या एक-दोन दशांशावर असतो. ०.२ वॅट धरला तर त्या एका बादलीएवढी वीज खायला त्याला ७३ दिवस लागतील! म्हणजे ज्या घरात चार्जरवरून रोज भांडण होतं आणि गीझर सकाळी सहाला लावून साडेआठला आठवतो, त्या घराने वीज वाचवली नाही, फक्त भांडणं वाढवली.

दिव्यांबद्दलचा हा उपदेश खोटा नव्हता, तो जुना झाला. ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि चोकसकट ५०-५५ वॅट खाणारी ट्यूब होती तेव्हा "लाईट घालव" यात दम होता. शिवाय तेव्हा भारनियमनही होतं. आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म त्याच काळातला, त्यामुळे आपल्या आईवडिलांच्या हाताला ती सवय पक्की बसली आहे. पुढे २०१५ च्या जानेवारीत केंद्राची 'उजाला' योजना आली, एलईडी स्वस्त झाले, आणि दिव्याचा वाटा एकदम खाली आला. उपदेश मात्र तिथेच उभा राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे उष्णता तयार होते किंवा बाहेर फेकली जाते, तिथे बिल असतं. गीझर, इस्त्री, शेगडी, इंडक्शन, फ्रीज, एसी. आणि दुसरं, जे कमी वॅटचं पण तासन् तास चालतं ते, म्हणजे पंखा, सेट टॉप बॉक्स, वायफायचा राऊटर. १० वॅटचा राऊटर चोवीस तास चालू असेल तर महिन्याला ७.२ युनिट होतात. रात्री झोपताना तो बंद करणारा मी अजून होस्टेलमध्ये पाहिलेला नाही (आणि परीक्षेच्या आधी तसं कुणी केलं तर त्याचं काय होईल हेही सांगायला नको).

आता बिलाकडे वळू. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं. १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा, त्याच्या वर चौथा. यावरून एक गैरसमज घराघरात आहे की १०१ वा युनिट पडला की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नाही. पहिले १०० युनिट पहिल्याच दराने धरले जातात, फक्त वरचे महाग. आयकराच्या स्लॅबसारखं. पण यातूनच एक कामाची गोष्ट निघते. तुम्ही जो युनिट वाचवता तो नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातला असतो! पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट असतो. शिवाय विद्युत शुल्क टक्क्यांत लागतं, त्यामुळे युनिटबरोबर तेही वाचतं. स्थिर आकार मात्र काही केलं तरी सुटत नाही, तो सोडून द्या.

म्हणून "एक युनिट म्हणजे असे किती पैसे?" असं म्हणण्यापूर्वी घरचं बिल उलटून बघा, मागे दर छापलेले असतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना घरचं बिल वाचता येत नाही ही जरा लाजेचीच गोष्ट आहे. आपण थ्री फेजचे फेजर डायग्राम काढतो आणि 'वहन आकार' म्हणजे काय ते बाबांना विचारतो!

आता स्वयंपाकघरात येऊ. खरी थर्मोडायनॅमिक्सची लॅब इथेच आहे, आणि जर्नल सही करून घ्यायचं नसल्यामुळे इथे मन लागतं.

पहिली गोष्ट उकळीची. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० ला न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. पण त्याच लिटरची पूर्ण वाफ करायला २,२५७! सातपटीहून जास्त. म्हणजे उकळी आल्यावर पाण्याचा सातवा हिस्सा जरी वाफ होऊन उडाला, तर थंड पाण्याला उकळी आणायला जेवढा गॅस लागला तेवढाच पुन्हा गेला. आणि गंमत अशी की उकळतं पाणी मोठ्या आचेवर जास्त गरम होत नाही. ते शंभरच्या आसपासच राहतं (पुण्याच्या उंचीवर ९८ च्या). मोठी आच फक्त वाफ जास्त करते. बटाटा मंद उकळीत जेवढ्या वेळात शिजतो, तेवढ्याच वेळात खदाखदा उकळीतही शिजतो. म्हणून उकळी आली की आच बारीक आणि भांड्यावर झाकण. या दोन हालचालींना मिळून दोन सेकंद लागतात, आणि माझ्या मते गॅस वाचवण्याच्या सगळ्या युक्त्यांत याच्याएवढी मोठी युक्ती दुसरी नाही. (बासुंदीला हा नियम लागू नाही. बासुंदीत वाफ उडवणं हाच उद्योग आहे, तिथे हिशोब करू नये.)

कुकरचंही तसंच. आत दाब वाढतो, पाणी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. शिट्टी म्हणजे काय? आतला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत आला, आता जास्तीची उष्णता वाफ बनून बाहेर जाते आहे, एवढंच. शिट्टीने डाळ शिजत नाही, मिनिटांनी शिजते. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून घड्याळ बघायचं. आमच्या रूमवर "पाच शिट्ट्या की सहा?" यावर एकदा जोरदार वाद झाला होता. दोन्ही पार्ट्या चूक. मोठ्या आचेवरच्या पाच शिट्ट्या तीन मिनिटांतही होतात आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटांतही. यात शिजण्याची वेळ कुठली धरायची? आणि गॅस बंद केल्यावर चमच्याने शिट्टी उचलून फुस्स करणाऱ्यांना एकच सांगणं. आतली उष्णता तुम्ही विकत घेतलेली आहे, ती अजून दहा मिनिटं काम करते आहे, तिला करू द्या.

एकाच कुकरमध्ये खाली वरणाचा डबा, मध्ये भात, वर बटाटे किंवा भाजी, ही जी आपल्याकडची पद्धत आहे ना, ती अस्सल इंजिनिअरिंग आहे. एकाच वाफेत तीन कामं. डाळ, छोले, राजमा भिजत घालणं हेही तेच. पाणी आत शिरायला जो वेळ लागतो तो गॅसवर न काढता ओट्यावर काढायचा. फ्रीजमधून ५ अंशांवरचं दूध थेट गॅसवर ठेवलं तर त्याला ९५ अंश चढायचं असतं, २५ वरून ठेवलं तर ७५. म्हणजे पाव हिश्श्याहून जास्त गॅस. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलं तर यातला काही भाग खोलीची हवाच फुकट देते. आच भांड्याच्या बुडाबाहेर जीभ काढत असेल तर ती ओट्यावरची हवा तापवते आहे. आणि ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नरची भोकं तुंबली आहेत, घासून घ्या. आपल्या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी, पण ती शेगडी नवीकोरी असताना. वर उतू गेलेल्या दुधाचे तीन थर बसल्यावर किती राहते, हा प्रोजेक्टचा विषय होऊ शकतो.

सिलिंडरला मीटर नसतो हे त्याचं दुखणं. पण आपल्या घरांत यावरही उपाय आहे. नवीन सिलिंडर लावला की आई कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात 'गॅस' असं लिहून ठेवते. अहो, हा डेटा लॉगरच आहे! मागच्या दोन वर्षांची कॅलेंडरं टाकली नसतील तर दिवाळीच्या सुट्टीत हे सगळे आकडे एका कागदावर उतरवून बघा. कुठला सिलिंडर ३५ दिवस गेला, कुठला ५०, त्या महिन्यात पाहुणे होते की गीझर बिघडल्यामुळे अंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं, सगळं आईला आठवतं. कुठल्याही सवयीचा परिणाम झाला की नाही, ते एवढ्यावरून कळतं.

आता ज्यावर कॅन्टीनमध्ये दर वर्षी वाद होतो तो प्रश्न: गॅस स्वस्त की इंडक्शन? दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोघंही बरोबर असू शकतात. १४.२ किलोचा सिलिंडर, किलोला साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे एकूण १८१ युनिटच्या आसपास ऊर्जा. ६८ टक्के भांड्यात गेली तर १२३. हिशोबाला सोपं म्हणून सिलिंडर ९०० रुपयांचा धरू. म्हणजे भांड्यात पोचलेल्या एका युनिटला सव्वासात रुपयांच्या आसपास. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरू. पहिल्या टप्प्यात वीज ६ रुपये धरली तर भांड्यातला युनिट सात रुपयांना, दुसऱ्या टप्प्यात १२ धरली तर चौदाला. म्हणजे महिना १०० युनिटच्या आत राहणाऱ्या दोन माणसांच्या घरात इंडक्शन आणि गॅस जवळपास सारखे, आणि २०० युनिट जाळणाऱ्या चौकोनी कुटुंबात इंडक्शन दुप्पट महाग. छपरावर सोलर असेल तर गणित पुन्हा बदलतं. तुमच्या गावचे, तुमच्या महिन्याचे दर घालून करा, पद्धत हीच. "माझ्या मामाकडे इंडक्शन आहे, त्यांचं बिल कमी येतं" हे उत्तर नाही. मामांचा टप्पा कुठला ते सांगा.

इथे मला जरा वेगळं बोलायचं आहे. बचतीच्या सगळ्या सूचना कुणाला उद्देशून असतात ते बघा. झाकण ठेवा, डाळ भिजवा, बर्नर घासा, फ्रीज वारंवार उघडू नका... सगळ्या घरातल्या बाईला! आणि ती हे बऱ्याच अंशी आधीपासूनच करत असते. उलट बिल ज्यावर ठरतं ते निर्णय, म्हणजे कुठला फ्रीज घ्यायचा, एसी किती टनाचा, गीझर किती लिटरचा, पंखे कुठले, हे बहुतेक घरांत दुकानात उभं राहून बाबा घेतात. तेही किंमत आणि रंग बघून. फ्रीजवर बीईईचं लेबल असतं, त्यावर नुसते तारे नसतात, वर्षाला किती युनिट लागतील हा आकडाही छापलेला असतो. तारे मोजू नका, आकडा वाचा, कारण ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात आणि जुना पाच तारेवाला नव्या मापाने खाली येतो. एसीचंही तसंच. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवरच येतात. बीईईच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. तरी रिमोट हातात आल्याबरोबर १८ करणारी आणि मग पांघरूण घेणारी जमात आपल्याच घरात असते. ती जमात बहुधा आईची नसते.

पंख्याचं तर कुणी बोलतच नाही. साधा सिलिंग फॅन ७५ वॅटचा. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला जवळजवळ ३४ युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॅटमध्ये देतो, म्हणजे साडेतेरा युनिट. एका पंख्यामागे वीस युनिट, दुसऱ्या टप्प्यात २४० रुपये, दर महिन्याला! अडीच-तीन हजारांचा पंखा वर्षभर चालला तर साधारण वर्षात पैसे वसूल. जुन्या घरात तो मोठा, तापणारा, कडाक् कडाक् फिरणारा रेग्युलेटर असेल तर तोही बदला. त्यात पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज त्या डब्यात उष्णता होऊन जाते. हात लावून बघा (वरून!).

आणि हे सगळं लिहिताना एक भान ठेवायला हवं. आपल्याच वर्गात अशी मुलं आहेत ज्यांच्या गावच्या घरी सिलिंडर आहे, पण अंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं, कारण पुढचा सिलिंडर कधी भरायचा हा प्रश्न असतो. त्या घराला झाकण ठेवा म्हणून शिकवायला जाऊ नये. ते आपल्यापेक्षा जास्त हिशोबाने जळण वापरतात. तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला असेल त्यांनी आठवून बघा, मधून जाळाची नळी आणि भोवती पाणी. एस.ई.ला आपण फायर ट्यूब बॉयलरची आकृती काढतो, तो न्हाणीघरात उभा होता.

आता होस्टेल. इथे बिल कुणालाच दिसत नाही. ते फीमध्ये मिसळलेलं असतं, म्हणून "पैसे भरलेत ना?" हे उत्तर तयार असतं. पण फी पुढच्या वर्षी कशाच्या जोरावर वाढते? मेसचं बिल का वाढतं? मेसचा १९ किलोचा सिलिंडर किलोमागे घरच्यापेक्षा महागच पडतो, आणि ताटात टाकून दिलेल्या भातात तोच गॅस असतो. तो आपणच भरतो, फक्त पावती दुसऱ्या नावाने येते.

हीटरच्या रॉडबद्दल वॉर्डन सरांचं आणि पोरांचं जे भांडण आहे त्यातही दोन्ही बाजूंनी चुकीची कारणं दिली जातात. सर म्हणतात वीज जास्त जाते. खरं तर रॉडची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते आणि तो बादलीपुरतंच पाणी तापवतो, त्यामुळे युनिटच्या हिशोबात तो वाईट नाही. तरीही बंदी बरोबर आहे, पण वायरिंगमुळे. चाळीस खोल्यांत १,५०० वॅटचे चाळीस रॉड सकाळी सातला लागले तर ६० किलोवॅट होतात. तीन फेजमध्ये अगदी सारखे वाटले तरी फेजला ८७ अँपिअर. आपल्या भिंतीतल्या वायरी ट्यूब, पंखा आणि लॅपटॉपसाठी टाकलेल्या आहेत. आणि पाण्यात बोट घालून "तापलं का" बघणारे महाभाग प्रत्येक मजल्यावर असतात, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहीत नाही. मात्र बंदी घालणाऱ्यांनी एवढं तरी बघावं की सोलरचं पाणी पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत पाइपातलं थंड पाणी दोन बादल्या सोडून द्यावं लागतं, म्हणून रॉड विकत घेतले जातात. उघड्या पाइपांना इन्सुलेशन गुंडाळणं हे मेकॅनिकलच्या पोरांचं एका रविवारचं काम आहे. सामान द्या, आम्ही करतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विंगला वेगळा सबमीटर बसवावा आणि दर सोमवारी त्याचं रीडिंग नोटीस बोर्डावर लावावं. ए विंग इतके, बी विंग इतके, मागच्या आठवड्यापेक्षा इतके कमी-जास्त. दंड नको, भाषण नको. वर्षअखेर मागच्या वर्षापेक्षा जे वाचलं असेल त्यातला अर्धा भाग मेसच्या खात्यात टाकावा, म्हणजे रविवारच्या फीस्टमध्ये तरी तो दिसेल. यावर "पोरं रीडिंग कुठे घेणार" असं म्हटलं जाईल. इलेक्ट्रिकलच्या एस.ई.च्या दोघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हे काम घ्यायची तयारी माझ्याकडे आधीच दाखवली आहे. मीटर निवडणं, जोडणीची आकृती, तक्ता, सगळं ते करतील. बसवायला मात्र कॉलेजचा लायसन असलेला वायरमन हवा, आणि सोमवारी सकाळी मीटर रूमची किल्ली हवी. ती वॉचमन काकांकडे असते, आणि ते म्हणाले, सरांची सही आणा, देतो.